बेबीचं बाळसं

सोमवार, ता. ९ फेब्रुवारी १९७६

सगळ्यात आधी कोण आलं असन, तर गल्लीतला रतनसिंग. त्याले कोणी बोलावलं नव्हतं. जीप लेकरांसाठी आली होती, दवंडीही तशीच झाली होती — पाच वर्साच्या आतली लेकरं घेऊन विहारापाशी या, डॉक्टरीणबाई तपासतीन. पण आजकाल जीप दिसली की गावातले बाप्ये लोक वावरात पळतात. नसबंदीच्या ऑपरेशनवाल्याईची जीप म्हणतात. आमचा लेक इंद्रभान तर अर्धी भाकर ताटात टाकून कापसाच्या पराटीत जाऊन बसला. दोन लेकरांचा बाप, अन लपते कसा तर चिंचा चोरल्यावानी.

रतनसिंगाले लग्नच नाही, त्याले कायची भीती. आला, सदरा काढला, दंड पुढं केला अन म्हणे, "बाई, आमचाही मापा."

डॉक्टरीणबाई तरणी हाये, चष्मेवाली. बोलणं पुण्याकडचं. सोबत नर्स रुख्मिणीबाई, ती मात्र आपल्या रिठदची. आमच्या चुलत नणंदेचं सासर रिठद. विचारलं तर म्हणे, हौ, वळखते ना, त्याईच्याच गल्लीत राह्यतो. मंग काय, नणंदेची सून कशी, तिचं कोणाशी पटत नाही, सगळं निघालं. तितक्यात रतनसिंगानं मधातच तोंड घातलं. म्हणे, "बाई, मी रोज सहा अंडे खातो, लोटाभर दूध पेतो, बाजाराच्या दिवशी मटण, वरून बदाम वायले. तरी दंड काहून वाढत नाई? अजून किती खाऊ?"

बाई म्हणल्या, "मेहनत काय करता?"

मागून शेजारची मनकर्णाबाई म्हणे, "पारावर बसते ना सकाळपासून. ते काई कमी मेहनत हाये का?"

लय हसलो. बाईही हसल्या. म्हणल्या, "अंगाला लागतं तेवढंच अंग घेतं. भाकरीबरोबर दोन वाट्या घट्ट वरण, थोडं दूध — तुमच्यासारख्या गड्याला पुरतं. जास्त खाल्लेलं दंडात जात नाही, पोटावर बसतं. दंड कामानं वाढतो." रतनसिंगानं सदरा घातला. म्हणे, "म्हंजे बदाम वाया गेले."

मी बेबीले हिरवा फराक घातला होता. काजळ, गालाले तीट. आमची बेबी म्हंजे — लोकाईची लेकरं काड्या अन आमची बेबी लोण्याचा गोळा. गाल पहा, पाय पहा. दिवाळीत धाकटा देवला झाला तवा गंगूनं बेबीचं अंगावरचं तोडलं. सून तरी काय करन, एकटी किती लेकराईले पाजन. तवापासून बेबी माह्याजवळ. माह्याच गोधडीत निजते, माह्याच हातानं जेवते. अन पहिल्या महिन्या-दीड महिन्यात वाळली होती, पण आता कसं बाळसं धरलं! वर शहाणी किती. बसवली तिथं बसते. रडणं नाही, किरकिरणं नाही. मी गंगूले म्हणते, पाह्य, आजीच्या हाताचा गुण.

बाईनं बेबीच्या पावलावर अंगठा ठेवून दाबला. पाह्यत राह्यल्या. मंग म्हणल्या, आजी, उद्या तुमच्या घरी येतो. घर कुठं ते विचारून घेतलं. दुसऱ्या कोणाचं घर विचारलं नाही.

मले लय बरं वाटलं.


मंगळवार, ता. १०

सकाळी आंगण सारवलं. मनकर्णाबाईच्या घरून कपबशा आणल्या. गंगू म्हणे, आत्याबाई, कोणाचं लगन हाये का घरात. म्हटलं, तू गप वं, डॉक्टरीण कोणाच्याही घरी चहा प्याले येत नसते.

बाया आल्या होत्या. मंग लिहीन.


बुधवार, ता. ११

पावलावर खळगा पडला होता. तो लवकर भरून आला नाही.


शुक्रवार, ता. १३

आता लिहिते. विहारातल्या रातच्या वर्गात अक्षरं शिकली, वही इंद्रभाननं आणून देली. गंगू इचारते, काय लिहिता आत्याबाई. म्हटलं, जे तुले सांगता येत नाही ते. तवा हसून म्हटलं होतं.

मंगळवारी बाया आल्या तवा मी बाज टाकून ठेवली होती. डॉक्टरीणबाई बाजेवर बसल्याच नाही, चुलीपाशी पाट घेऊन बसल्या. बेबीले मांडीवर घेतलं. मी म्हटलं, "पाह्यलं ना बाई आमच्या पोरीचं बाळसं? गावात असं लेकरू नाई."

त्या म्हणल्या, "आजी, हे बाळसं नाही. ही सूज आहे."

मी हसली. मले वाटलं थट्टा करून राह्यल्या.

त्याईनं पुन्हा बेबीच्या पावलावर अंगठा दाबला अन उचलला. खळगा तसाच. ओल्या मातीत बोट रुतल्यावानी. मंग केस दाखवले, बुडापासून भुरे झालेले. मी तर म्हणत होती पोरगी गोरी होऊन राह्यली म्हणून केसही पिंगट. मंग रुख्मिणीबाईनं पिशवीतून एक बांगडी काढली, साधी, त्याईची मापाची. बेबीच्या हातात घातली अन वर सरकवली. कोपरापाशी थांबली नाही. पार खाकेपर्यंत गेली. रुख्मिणीबाई म्हणे, "माय, दोन वर्साच्या लेकराच्या हातात ही कोपराच्या खालीच अडाले पाह्यजे."

गाल भरलेले अन दंड काडी. रोज मीच आंग धुते तिचं. रोज त्याच दंडाले साबण लावते.

बाई म्हणल्या, "काय खायला देता हिला?"

ते मी ताठ मानेनं सांगतलं. "वरण. रोज. घरची तूर हाये, आणा लागत नाई."

"कसं देता, दाखवा बरं."

मी वरणाचा गंज कलता केला अन रोजच्यासारखं वरचं पाणी बेबीच्या वाटीत ओतलं. पिवळं, पातळ, मीठ टाकलेलं.

"आणि खालचं घट्ट?"

"ते इंद्रभानले. वावरात राबते तो. उरलं ते गंगूले, तिले पाजा लागते. लेकराले घट्ट डाळ बादते बाई, पोट गच्च होते. अन उकळली की ताकद सारी पाण्यातच उतरते. आमाले मायनं तसंच वाढवलं."

मले वाटलं आता रागे भरतीन. त्याईनं पळी मागतली. गंजाच्या बुडातून डाळ काढली अन पळी माह्यासमोर धरली. "आजी, ताकद इथं आहे. वरती रंग आहे आणि मीठ."

मी पळीकडे पाह्यत राह्यली. गंगू दारात देवलाले घेऊन उभी होती.

मी म्हटलं, "मंग किती लागते?" मले वाटलं आता कोंबडं काप म्हणतीन, बकरं काप म्हणतीन, कारंजावरून पावडरीचा डबा आण म्हणतीन. त्या म्हणल्या, तिच्याच मुठीनं दोन मुठी कोरडी डाळ दिवसाकाठी, घट्ट शिजवून कुस्करून. कोंबड्या आहेत तर एक अंडं. भाकर बारीक कुस्करून त्यातच, वरून तेल. मी इचारलं, ताकद डाळीत हाये तर भाकर कायले? तर म्हणल्या, "चुलीत लाकूड नसलं तर माणूस खाटेचा पाय जाळतो ना? पोटाला भाकरी कमी पडली की अंग तसंच डाळ जाळून टाकतं. मग मांस कशाचं चढणार?"

ते मले समजलं. दुसरं काई समजलं नसन, ते समजलं.

एकदम कोंबू नका म्हणल्या. थोडं थोडं, घडीघडीले. सूज उतरली की पोरीचे हाडं दिसतीन, भेऊ नका, थांबू नका. जुलाब लागले नाही तर घासच घेईना झाली, तर वाट पाहू नका, वाशीमच्या दवाखान्यात आणा. अशी लेकरं हातची जातात म्हणल्या. हे गंगू बाहेर गेल्यावर म्हणल्या.

जाता जाता इचारलं, "रडते का ही?"

"नाई बाई. लय शहाणी हाये."

त्याईनं बेबीच्या केसावरून हात फिरवला. "शहाणी नाही आजी. रडायला बळ लागतं, ते नाही तिच्यात. भूकसुद्धा मेली आहे. ज्या दिवशी खायला मागून रडेल, त्या दिवशी समजा पोरगी माघारी वळली."

कपबशा मनकर्णाबाईच्या घरी नेऊन देल्या. चहा कोणी पेलाच नव्हता.


रविवार, ता. १५

बेबी खात नाही. घट्ट डाळ-भाकर जिभेवर ठेवली की तोंड भिताडाकडे करते. अंडं उकडून कुस्करून देलं, थुकून टाकलं. पाणी प्यावं वाटते तिले, वरणाचं पाणी. मीच लावलेली सवय.

दुपारून तूर भरडली. जात्यातून डाळ एकीकडे, फोलपटं अन कणी एकीकडे. ती चुनी होते, बैलाची. घमेल्यात भिजवून बैलापुढं ठेवली. ठेवता ठेवता हात थांबला. बैल जुंपाचा असला की त्याले चुनी देतो, सरकीची ढेप देतो. नुसतं पाणी पाजून कोणी बैल जुंपत नाही. आमच्या घरातलं कोणीच नाही.

मंग बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभी राह्यली. रडू येईन वाटलं. आलं नाही. आंधार पडला तशी आत आली, भाकरी थापल्या.


मंगळवार, ता. १७

इंद्रभान कारंजाच्या बाजारात कापूस घेऊन गेला होता. येताना पावडरीचा डबा आणला. डब्यावर गोरं गुबगुबीत लेकरू. दुकानदारानं सांगतलं म्हणे, याच्यात सगळी ताकद हाये, डाळगिळ काई नको. मी म्हटलं, बाबू, त्या बाईनं डबा सांगतला नाही. म्हणे, "माय, ते आपल्याले गरीब समजून डाळ सांगून गेली. शहरातले लोक लेकराले डाळ देतात का?"

म्हटलं, ठेव. डाळीच्या वरून देईन, डाळीच्या बदल्यात नाही.

संध्याकाळी रतनसिंग आला. मटण घेऊन. म्हणे, "काकू, बेबीसाठी आणलं. असली ताकद." भांडं उघडलं तर नुसता रस्सा.

"अन बोट्या?"

"त्या मी खाल्ल्या. लेकराले बोट्या बादतात ना. ताकद तर रश्श्यात उतरते."

मी त्याच्याकडे पाह्यलं. कवा नव्हे ती हसली. हसता हसता भांड्यावर झाकण ठेवलं. तो म्हणे, काय झालं काकू? म्हटलं, काई नाही बाप्पा. तू अन मी एकाच शाळेतले.


बुधवार, ता. १८

चार घास. पाचवा गालात धरून बसली, गिळला नाही. तसाच घेऊन निजली. बोटानं काढला.


शुक्रवार, ता. २०

गोधड्या वाळत घालता घालता आंगण पुरत नाही. सारखी मुतते, पाणीच जाते अंगातलं. तोंड उतरलं. काल डोळे उघडे दिसत नव्हते सुजीत, आज मोठे दिसतात. मोठे अन खोल.

घास घेते. खाते म्हणता येत नाही. भरवलं तर गिळते.


रविवार, ता. २२

मनकर्णाबाई आली. बेबीले पाहून पदर तोंडाले लावला. म्हणे, "काय वं भागिरथाबाई, काय झालं पोरीचं? आठ दिवसाआधी कशी होती. बरगड्या मोजून घ्या."

"सूज उतरली. बाईनं सांगतलं होतं असं होईन."

"बाई जीपमधे बसून गेल्या. लेकरू तुमचं वाळून राह्यलं. घट्ट डाळ बादली म्हणा ना सीधं."

गंगू आयकत होती. ती मले कवा उलटून बोलली नाही. आज तिनं माह्या हातातली वाटी घेतली. म्हणे, "आत्याबाई, बस झालं. तुमच्या पाण्यानं सुजली, आता तुमच्या डाळीनं मरन. माह्यं लेकरू मले द्या."

मी देलं.

तिचं बरोबर हाये. दोन्ही वेळा हात माह्याच होता. बाईनं भेऊ नका म्हटलं ते मी गंगूले नीट सांगतलंच नाही. कसं सांगू, सांगाले बसलं की अंगठ्याचा खळगाच डोळ्यापुढं येते.

गंगूनं तिले वरणाचं पाणी पाजलं. बेबीनं गटागटा पेलं.


मंगळवार, ता. २४

काई वाटत नाही. भाकरी थापते, झाडते, कोंबड्या कोंडते. अंडी टोपल्यात जमा होऊन राह्यली. कोणाले देऊ.

काल बेबीची पावलं पुन्हा फुगल्यासारखी दिसली. मी दाबून पाह्यली नाही. हिंमत झाली नाही.

जेवताना इंद्रभाननं ताटातली डाळ बोटानं इकडून तिकडं केली. खाल्ली नाही. त्यानं इचारलं, "माय, ते बाई काय म्हणे नेमकं?"

मी सगळं सांगतलं. पळीचं, खाटेच्या पायाचं, हाडं दिसतीन ते, हातची जातात तेही. गंगू देवलाले पाजत होती. तिचं पाजणं थांबलं अन देवला रडाले लागला, तरी ती आयकत राह्यली.

इंद्रभान म्हणे, "त्या कुठं उतरल्या?"

"शेलूबाजारले. पण तुले तर जीपची—"

"राहू दे माय."


गुरुवार, ता. २६

काल इंद्रभान पायीच शेलूबाजारले गेला. आज दुपारी जीपमधे बसून आला, समोर, डरायव्हरच्या बाजूले. सारं गाव बाहेर आलं. इंद्रभानले पकडलं, असा बोभाटा झाला. जे लपाचे ते लपले. रतनसिंग मात्र धावत आला अन म्हणे, "सोडा त्याले, मले न्या, माह्यं काई बिघडत नाई." इंद्रभान म्हणे, "अबे, मीच घेऊन आलो त्याईले."

डॉक्टरीणबाईनं बेबीले झोळीच्या काट्यावर तोललं. त्या दिवशी विहारापाशी तोललं होतं, त्यापेक्षा वजन कमी भरलं. गंगू मटकन खालीच बसली. बाई तिच्याजवळ बसल्या. माह्याजवळ नाही, तिच्याजवळ. म्हणल्या, "हे मांस नाही उतरलं, पाणी उतरलं. इतके दिवस तुम्ही पाणी तोलत होता. आता खरी बेबी दिसते आहे." अन बेबीची पावलं गंगूच्या हाती देली. "दाबा." गंगूनं दाबलं. थोडा खळगा राह्यला. बाई म्हणल्या, "मधले चार दिवस नुसतं पाणी दिलं म्हणून हा परत आला. आता घट्ट डाळ बंद करू नका."

इंद्रभाननं डबा दाखवला. बाईनं वाचला. म्हणल्या, आणलाच आहे तर दुधात द्या, वाईट नाही. पण याच्यात जे आहे ते तुमच्या घरात आहे, रोज आहे. इंद्रभाननं डबा फळीवर ठेवून देला. त्यावरचं गोरं लेकरू भिताडाकडे तोंड करून बसलं आता.

मी गंज पुढं घेतला. गंगूनं पळी घेतली. बुडातून. पहिली पळी बेबीच्या वाटीत टाकली, मंग नवऱ्याच्या. इंद्रभाननं भाकर मोडली.

बेबी आईच्या हातानं जेवली. मी दारात बसली होती. रुख्मिणीबाईनं माह्या पाठीवर हात ठेवला अन नणंदेच्या सुनेचं सांगत बसली. मी हं हं करत राह्यली.

जुलाब झाले तर निरोप धाडा, नाही तर सोमवारी आमीच येतो म्हणल्या.


शनिवार, ता. २८

सकाळी भाकर थापत होती. मागं रडण्याचा आवाज आला. मले वाटलं देवला. पाह्यलं तर देवला निजेल होता.

बेबी होती. ताटली जमिनीवर आपटून, तोंड लाल करून, "भाकर दे, भाकर." गंगू धावत आली, उचलाले वाकली. मी म्हटलं, थांब वं. थोडी रडू दे.

तव्यावरची भाकर करपली. आमी दोघी बसून आयकत राह्यलो.

बाया सोमवारी येतो म्हणल्या.